सहा वजा सहा

हेमलता रासने यांना अख्ख्या जगात एकाच गणिताची भीती वाटायची, आणि तेही पहिलीतल्या. सहा वजा सहा. पाच वजा पाच म्हणा, नऊ वजा नऊ म्हणा, भीती तीच. आता तुम्ही म्हणाल, चौतीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलेल्या बाईला शून्याची कसली आलीय भीती? पण होती खरी. फळ्यावर असली वजाबाकी आली की बाई वर्गाकडे पाठ करायच्या, उजव्या हातानं डावं मनगट घट्ट धरायच्या आणि दोन सेकंदांनी शून्य काढायच्या. पोरांना वाटायचं, बाईंचा हात दुखतो. बाईही तसंच सांगायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ही मूठ उघडली ती बाशिंगानं.

त्या यंत्राचं सरकारी नाव एवढं लांबलचक होतं की परिपत्रकात त्याला दोन ओळी लागायच्या. पोरांनी मात्र कपाळावर बांधायची ती चकचकीत पट्टी बघितली आणि पहिल्याच दिवशी तिचं बाशिंग करून टाकलं. नाव शोभलंही. खात्याला एवढी घाई झाली होती, की बाशिंग गुडघ्याला बांधायचंच काय ते बाकी होतं.

पण यंत्र खोटं नव्हतं, आणि त्यामागचं शास्त्रही फार अवघड नाही. लहान मुलाला सात आणि सहा किती विचारलं की ते बोटं मोजतं. मोजून मोजून शेकडो वेळा तेच उत्तर आलं की मग मोजावं लागत नाही, उत्तर आपसूक ओठांवर येतं. गवतातून रोज चालून पायवाट पडावी तसं. वाट पडली की डोकं मोकळं होतं आणि मूल पुढचं गणित शिकतं. ज्याची वाट पडत नाही ते चौथीतही बोटंच मोजत बसतं आणि शेवटी गणिताला रामराम ठोकतं. बाशिंग करायचं काय, तर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कवटीतून आत सोडून मेंदूत कुठे रक्त धावतंय ते बघायचं. मुलानं ‘सात आणि सहा तेरा’ असं मोठ्यानं म्हटलं की नेमक्या त्याच क्षणी विजेचा एक ठेका द्यायचं. इतका हलका, की मुंगी चालल्याइतकाही कळायचा नाही. हा ठेका असायचा एका मोठ्या माणसाच्या मेंदूचा, ज्याची वाट आधीच मळलेली आहे. मुलाचा मेंदू त्याच वाटेनं चालू लागायचा. आधी चिंचोके नि काड्या घेऊन बेरीज-वजाबाकी समजून घ्यायची, मग बाशिंग. रोज पंधरा मिनिटं, तीन आठवडे. वीसपर्यंतचं सगळं पक्कं.

ऊसतोडणीला जाणाऱ्यांची मुलं निम्मं वर्ष आईबापांबरोबर फडावर असतात. त्यांच्यासाठी तर हे तीन आठवडे म्हणजे लॉटरीच होती. जी पोरं वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघायची, ती हात वर करायला लागली.

प्रश्न एवढाच होता की ठेका कुणाचा घ्यायचा. सुरुवातीला तीनशे शिक्षकांचे ठेके एकत्र करून सरासरी काढली, तर तिची नुसती भेळ झाली. मग ठरलं, माणूस एकच घ्यायचा, ज्याची वाट सगळ्यांत स्वच्छ असेल तो. तीनशेंत पहिल्या आल्या हेमलताबाई.

त्याला कारण होतं. बाई कासाराची लेक. वडील, म्हणजे अण्णा, बाजारच्या रस्त्यावर बांगड्या भरायचे आणि चार-पाच वर्षांची हेमा पेटीशेजारी बसून मोजायची. गिऱ्हाइकाच्या डाव्या हातात सहा, उजव्या हातात सहा, आणि वर एक अण्णांकडून. सहा नि सहा बारा, अण्णांची एक, तेरा. तेव्हापासून सहा नि सात म्हटलं की बाईंना बोटांची गरजच पडली नाही. वजाबाकीचीही तीच गत. कासाराच्या घरात ‘बांगडी फुटली’ असं कुणी बोलत नाही, आणि हातात किती उरल्या हेही विचारत नाही. विचारायचं ते एवढंच, ‘आणखी किती भरायच्या?’ त्यामुळे तेरा वजा सहा म्हटलं की बाई सहावरून तेरापर्यंत भरत जायच्या. सात. लखकन.

ठेका टिपून घेतला त्या दिवशी सगळं सुरळीत चाललं होतं. मग तंत्रज्ञ मुलानं विचारलं, “सहा वजा सहा?” बाईंचा हात मनगटावर गेला.

“काय झालं, मॅडम?”

“काही नाही रे. घसा कोरडा पडला. पाणी दे जरा.”

त्यानं पाणी दिलं आणि दोन सेकंदांचा उशीर ‘घसा’ असं लिहून सोडून दिला. तीनशे जणांतून आपली निवड झालीय, पेपरात फोटो आलाय, आता कुठे शून्यासाठी रडत बसायचं, असं बाईंच्या मनात आलं. माणूसच त्या. गप्प बसल्या.

वर्षभरात जिल्ह्यातल्या एक्केचाळीस हजार पोरांच्या कपाळावर ते बाशिंग चढलं.

*

वाघदऱ्याची शाळा दोन खोल्यांची. बाईंना तिथे शाल-नारळ द्यायला बोलावलं होतं. तिथले देवढे सर तरुण आणि उत्साही. सत्कार उरकला तसे म्हणाले, “मॅडम, पोरांना काहीही विचारा. तुमचीच लेकरं आहेत एका अर्थानं.”

बाईंनी विचारलं. आठ आणि पाच, पंधरा वजा नऊ, सात आणि आठ. पोरं लाह्या फुटाव्यात तशी उत्तरं देत होती. पहिल्या बाकावर कस्तुरी नावाची एक बारकी पोरगी होती, दोन वेण्या, त्यांतली एक सुटलेली. तिचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. मागच्या वर्षी तिला दहाच्या पुढे मोजता येत नव्हतं, असं सरांनी बाईंच्या कानात सांगितलं.

“चौदा वजा आठ?” बाईंनी विचारलं.

“आठला सहा भरायचे. सहा!” कस्तुरी म्हणाली. बाशिंगाबरोबर कानात जो आवाज यायचा तो बाईंचाच होता, त्यामुळे ‘भरायचे’ हा शब्द पोरांनी तिथूनच उचलला होता. बाईंना हसू आलं, जरा अभिमानही वाटला. मग त्याच भरात देवढे सर बोलून गेले, “आता सोप्पं. सहा वजा सहा?”

कस्तुरी थांबली. तिचा उजवा हात उठला आणि तिनं आपलं डावं मनगट घट्ट धरलं. खाली बघत राहिली. “शून्य,” ती हळूच म्हणाली.

 बाईंनी मागच्या बाकावरच्या मुलाला विचारलं, “चार वजा चार?” त्यानंही मनगट धरलं. एकेकाला विचारत गेल्या. सतरा पोरं, सतरा मनगटं. शेवटच्या मुलीचे तर डोळे भरून आले, आणि का आले ते तिलाच कळेना.

“सगळी अशीच करतात,” देवढे सर आवाज खाली आणून म्हणाले. “दुसऱ्या शाळांतही करतात म्हणे. गावात कुजबुज सुरू झालीय मॅडम. बाशिंगातून पोरांना काहीतरी लागलंय म्हणतात. दोघांनी पोरं काढून घेतली.”

“बाई,” कस्तुरीनं विचारलं, “शून्य आलं की मला कसंतरी का होतं?”

 बाईंनी तिची सुटलेली वेणी घालून दिली आणि शाल तिथेच विसरून गाडीत बसल्या.

*

दुसऱ्या दिवशी डॉक्टर समीना मुजावर यांनी स्वतःच फोन करून बोलावून घेतलं. बाशिंग ज्यांनी बनवलं त्या तुकडीच्या या प्रमुख. वय जेमतेम पस्तीस, केस कायम विस्कटलेले, चहाचा कप कायम गार झालेला. त्यांनी पडद्यावर आलेख दाखवायला सुरुवात केली. सगळ्या उत्तरांच्या रेषा सरळ आणि शून्याच्या जागी एकच खड्डा, एक्केचाळीस हजार वेळा.

“बाई, हा खड्डा बघा. इथे…”

“राहू द्या हो,” बाई म्हणाल्या. “हातच्या कांकणाला आरसा कशाला? तो खड्डा माझाय.”

 समीना खुर्ची ओढून समोर बसल्या. बाईंनी पन्नास वर्षं कुणाला न सांगितलेलं सांगून टाकलं. त्या सहा वर्षांच्या होत्या तेव्हा अण्णा गेले, तीन दिवसांच्या तापात. बायकांनी आईला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. आई बाहेर आली तेव्हा तिचे हात मोकळे होते. हेमाला सगळ्यांचे हात मोजायची सवय. तिनं आईचं डावं मनगट धरलं आणि मोजायला गेली. मोजायला काहीच नव्हतं. सहा होत्या, सहा गेल्या. कुणीतरी तिला उचलून बाहेर नेलं. पुढल्या आठवड्यात शाळेत गुरुजींनी पाच वजा पाच विचारलं, तेव्हा तिनं आपलंच मनगट धरलं.

“मेंदूत आकडे आणि बोटं शेजारी शेजारी राहतात,” समीना हळू आवाजात म्हणाल्या. “भिंतीला भिंत लागून. आम्ही आकड्यांचा ठेका घेतला, त्याबरोबर हातांची आठवणही आली. पोरांना तुमचं दुःख माहीत नाही. फक्त त्यांच्या हाताला माहीत आहे.”

“मी तेव्हाच बोलायला हवं होतं. घसा म्हणाले मी. लाज वाटते आता.”

“आम्ही तपासायला हवं होतं. घाई झाली आम्हाला.” समीनांनी कप उचलला, गार आहे बघून ठेवून दिला. “शुक्रवारी समिती बसतेय. ठेका पुसायचा असं जवळजवळ ठरलंय. उलटा ठेका देऊन वाट मोडायची.”

“फक्त शून्याची?”

“तसं होत नाही. सगळ्या वाटा एकमेकींत गुंतलेल्या असतात. पुसलं तर सगळं जाईल. पोरं पुन्हा बोटांवर.”

बाईंच्या डोळ्यांपुढे कस्तुरी आली. दिवाळीनंतर ती फडावर जाणार. तिथे तिला कोण शिकवणार होतं? “दुसरा काही उपाय?”

“एकच आहे. तुम्ही पुन्हा ठेका द्या, त्यात तो खड्डा नसेल. तो जुन्यावर चढवता येतो. पण बाई, मेंदूला फसवता येत नाही. पाठ करून म्हटलेलं लगेच उघडं पडतं.”

“फसवतंय कोण? आत्ता बांधा.”

बाशिंग बांधलं. सहा वजा सहा. हात मनगटावर. पुन्हा. हात मनगटावर. बाईंनी हात मांडीखाली दाबून धरले, तरी पडद्यावर खड्डा तसाच. देवाचं नाव घेऊन झालं, डोळे मिटून झाले, स्वतःवर चिडून झालं. अकरा वेळा झालं तेव्हा समीनांनी पट्टी सोडली. बाई रडत होत्या आणि त्यांना त्याचा रागही येत होता.

“छप्पन्न वर्षांची बाई मी, पहिलीच्या गणितात नापास!”

“तुमची आई आहे का?” समीनांनी विचारलं.

“आहे की. सत्त्याहत्तर वर्षांची. खणखणीत आहे.”

“मग तिला कधी विचारलंय, त्या दिवसाबद्दल?”

नव्हतं विचारलं.

*

लीलाबाई धाकट्या मुलाकडे राहायच्या. हेमलताबाई पोचल्या तेव्हा दुपारची वेळ होती आणि म्हातारी अंगणात लसूण सोलत बसली होती. लेकीचं तोंड बघून तिनं ओळखलं.

“काय गं, नोकरी सोडलीस का काय?”

“नाही गं.” हेमलताबाई शेजारी बसल्या आणि त्याही लसूण सोलायला लागल्या. मायलेकींना बोलायचं असलं की हाताला काम लागतंच. चार पाकळ्या झाल्या, पाच झाल्या. “आई, अण्णा गेले त्या दिवशी आतल्या खोलीत काय झालं?”

लीलाबाईंचा हात थांबला. “आज कुठून काढलंस हे?”

बाईंनी सांगितलं. बाशिंग, कस्तुरी, सतरा मनगटं, सगळं. म्हातारीला यंत्राचं काही कळलं नाही, पण एक्केचाळीस हजार पोरं आपल्या मोकळ्या हातामुळे गप्प होतात एवढं बरोबर कळलं. तिनं पदरानं नाक पुसलं.

“मग तुला काय वाटलं होतं, काय केलं बायकांनी?”

“फोडल्या ना.”

“फोडल्या?” लीलाबाईंचा आवाज चढला. “कोण फोडतंय बघतेच! पाट्यावर हात ठेव म्हणाल्या मला. मी म्हटलं, बायांनो, हे कासाराचं घर आहे, इथे काच फोडायची नाही. त्यांच्या हातानं भरलेल्या आहेत, माझ्या हातानं उतरवीन. साबण लावला आन् एकेक काढली. डाव्या हातातल्या सहा, उजव्यातल्या सात. एकीला चरा नाही गेला.”

 “मग गेल्या कुठे?”

“जातील कुठं? हायत की.”

म्हातारी गुडघ्यावर हात टेकत उठली. कपाटाच्या तळातून तिनं बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. आत अण्णांच्या उपरण्याचा तुकडा, आणि तुकड्यात गुंडाळलेल्या तेरा हिरव्या बांगड्या. पन्नास वर्षांत त्यांच्यावरचा सोनेरी ठिपका थोडा फिका झाला होता, एवढंच.

“मला का नाही दाखवल्यास?” बाईंचा आवाज फुटला. “पन्नास वर्षं, आई!”

“तू विचारलंस कधी? यायचीस, माझा हात धरायचीस आन् सोडून पळायचीस. मला वाटलं, पोर विसरली. आन् दाखवल्या असत्या तर तू घाल म्हणाली असतीस. तेव्हा लोकांनी घालू दिल्या असत्या होय?” लीलाबाईंनी उपरण्याचा तुकडा सरळ केला. “हातातून निघाल्या म्हणून काय झालं? घरातच होत्या. दर संक्रांतीला पुसून ठेवते मी.”

बाईंनी एक बांगडी उचलली. मग दुसरा हात पुढे केला. “हात दे.”

“चल गं! या वयात?”

“कोण बघतंय? आणि बघितलं तर बघू दे. दे हात.”

म्हातारीचं मनगट बारीक झालं होतं, पण सांधे सुजून बोटांची पेरं गाठाळलेली. बांगडी तिथेच अडायची. हेमलताबाईंनी आयुष्यात कुणाला बांगड्या भरल्या नव्हत्या, पण अण्णांचे हात त्यांनी हजारदा पाहिले होते. आईचा अंगठा आत वळवून त्यांनी तळहात हलके दाबला. अण्णा म्हणायचे, भरताना हाताकडे बघू नको, बाईच्या तोंडाकडे बघ आणि तिला बोलतं ठेव.

“अण्णांनी या कधी भरल्या होत्या?”

“नागपंचमीला. गिऱ्हाईक वाट बघत होतं, तरी पहिल्या मला भरल्या. सातवी भरताना म्हणाले, ही माझी… आगं आई गं!”

“गेली,” बाई म्हणाल्या. “एक.”

भरायला अर्धा तास लागला. पाच वेळा साबण लागला आणि दोनदा म्हातारीनं लेकीला शिव्या घातल्या. शेवटी डाव्या हातात सहा, उजव्या हातात सात. लीलाबाईंनी हात हलवून बघितला. किणकिण झाली तशी ती हसली, आणि हसता हसता रडली. बाईही रडल्या. शेजारची सून कुंपणावरून डोकावली आणि म्हणाली, “आजी, छान दिसतायत!” बास, एवढंच झालं.

*

गुरुवारी दुपारी समीनांच्या खोलीत मायलेकी दोघी हजर. हेमलताबाईंच्या कपाळावर बाशिंग, लीलाबाई समोरच्या खुर्चीत, मांडीवर तो पत्र्याचा डबा. म्हातारीच्या हातांना साबण लावलेलाच होता.

“मला जे करायचंय ते मी मेंदूला सांगणार नाही,” हेमलताबाई म्हणाल्या. “मी बघणार आहे फक्त. विचारा.”

“सहा आणि सहा?” “बारा.” “तेरा वजा सहा?” “सात.” समीनांनी श्वास घेतला. “सहा वजा सहा?”

लीलाबाई डाव्या हातातल्या बांगड्या एकेक उतरवून डब्यात ठेवत होत्या. टिक, टिक, टिक. सहावी डब्यात पडली. हात मोकळा झाला. हेमलताबाईंचा उजवा हात उठला आणि मनगटावर गेला. पन्नास वर्षांची सवय, ती एका दिवसात कशी सुटणार? पण यावेळी हात तिथे राहिला नाही. तो सुटला, पुढे गेला आणि डब्यावर जाऊन टेकला.

“शून्य,” बाई म्हणाल्या. “आणि सहा इकडे.”

समीना पडद्याकडे बघत होत्या. 

“खड्डा गेला का?” बाईंनी विचारलं.

“नाही. आहे अजून, निम्मा आहे.” समीनांनी चष्मा काढून डोळे चोळले. “पण आधी वाट तिथे संपत होती. आता ती पलीकडे निघतेय. असला आलेख मी कधी पाहिला नव्हता, बाई.”

“आता परत भरायच्या का काय?” लीलाबाईंनी विचारलं. “का बसू अशीच?”

शुक्रवारी समितीत तीन तास वाद झाला. समीनांनी सगळं मांडलं, घसासुद्धा. बाई स्वतः उभ्या राहून म्हणाल्या की चूक माझी, मी लपवलं, शिक्षा करायची ती मला करा, पोरांचं शिकलेलं पुसू नका. शेवटी एवढंच ठरलं, की एका शाळेत तीन आठवडे नवा ठेका देऊन बघायचा. तिथे गावानं हो म्हटलं आणि फरक पडला तरच पुढे. नाहीतर पुसायचं.

शाळा कुठली, हे बाईंनी सांगितलं.

वाघदऱ्याच्या गावसभेत त्या मनगटाची गोष्ट त्यांनी पुन्हा एकदा, सगळ्यांसमोर सांगितली. यावेळी सांगताना घसा कोरडा पडला नाही.  मग मागून एका म्हातारीनं विचारलं, “तुमच्या आईनं घातल्या का परत?” बाई म्हणाल्या, घातल्या. म्हातारी म्हणाली, “मग बांधा पोरांना.”

*

तीन आठवडे झाले त्या दिवशी बाई शाळेत आल्या तेव्हा समीना आधीच मागच्या बाकावर, पोरांत, गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. देवढे सरांनी फळा तीनदा पुसला होता. दिवाळीची सुट्टी चार दिवसांवर आली होती आणि कस्तुरीच्या आईबापांची गाडी ठरली होती.

बाईंनी सोप्या गणितांनी सुरुवात केली. नंतर कस्तुरीसमोर जाऊन उकिडव्या बसल्या. तिच्या बाकावर सहा चिंचोके होते.

“कस्तुरी, सहा वजा सहा?”

पोरगीनं चिंचोके मुठीत घेऊन फ्रॉकच्या खिशात टाकले. बाक मोकळा झाला. तिचा उजवा हात उठला आणि डाव्या मनगटावर गेला. देवढे सरांनी मान खाली घातली. बाईंनी श्वास रोखला.

मग हात सुटला. खाली आला आणि तिनं तो खिशावर थापटला.

“शून्य!” कस्तुरी खणखणीत म्हणाली.

“आणि मग ते सहा गेले कुठे गं?” बाईंनी विचारलं. 

कस्तुरीनं त्यांच्याकडे असं बघितलं, की एवढ्या मोठ्या बाईंना एवढंही कळू नये! “जातील कुठं? हायत की!” तिनं खिशातून मूठ काढली आणि उघडून दाखवली.

बाईंचे डोळे वाहायला लागले. मागे समीना तोंडावर हात ठेवून हसत होत्या. कस्तुरी जरा गोंधळली. आपलं काही चुकलं का, ते तिला कळेना. तिनं एक चिंचोका बाकावर ठेवला आणि बाईंच्या तोंडाकडे बघत विचारलं,

“परत भरू का, बाई?”

“भर,” बाई म्हणाल्या. “सगळे भर.”